वीस फुटाची रेंज

आन् वर त्यो वॉकीटॉकीचा दुकानदार मलाच इचारतोय, "काका, रेंज किती हवीय आपल्याला? दोन किलोमीटर? पाच?" मी म्हणलं, "वीस फूट." त्यानं कान खाजवला. "वीस... फूट?" व्हय बाबा, वीस फूट! मी गाडीत, कुंडलिक गाडीच्या म्होरं, मधी वीस फूट. एवढी वर्षं ह्याच्यापेक्षा लांब आमी दोघं कधी गेलोच न्हाय, तर रेंज कशाला लागतीय?

तुमी हसताय. हसा! पण तुमाला सांगतो, बोअरची गाडी चालवलीय का कुणी? एस्टीला डांबर असतंय, आमाला नांगरट. टपावर लोखंडी मनोरा आडवा निजलेला, त्याचं टोक म्होरं आलेलं, डाव्या अंगाचं कायबी दिसत न्हाय, आन् शेतकरी म्हणणार, "पाणी त्या लिंबापाशी हाय, या!" कुठनं या? मधी वढा, वढ्याच्या म्होरं ताल, म्हंजी मातीचा उंच बांध, तालीच्या म्होरं आनखी एक ताल! मग चाक कुठं टाकू ते सांगाय म्होरं माणूस चालाय लागतोय. त्यो माणूस म्हंजी आमचा कुंडलिक.

आता कुंडलिक डावं-उजवं म्हणायचा का? छ्या! घरची मेंढरं हुती, पोरपणापास्नं बापामागं माळावर फिरल्याला. पुढं मेंढरं इकली, पण तोंडातली हाळी कुठं इकणार? गाडीबी तशीच हाकायचा. "हिर्र्र" म्हंजी डावीकडं, "ड्युर्र" म्हंजी उजवीकडं, "च्च च्च च्च" म्हंजी दमानं, आन् "हाऽऽव" म्हंजी थांब, न्हायतर उलथशील. पयल्या दिवशी मी काच खाली करून वरडलो, "आरं, मी काय मेंढरू हाय का?" तर म्हणतोय, "वळलास न्हवं? मग गप." आन् आवाज काय त्यो! इंजिन बोंबलतंय, मनोरा खडखडतोय, त्यातनं त्याची हाळी आली की माझा पाय आपसूक ब्रेकवर. मी डोकं लावतच नव्हतो हो. त्यो हातबी दावायचा, पण बघतंय कोण? पायच ऐकायचा.

गेल्या साली थंडीत त्याचा आवाज बसला. "तंबाखूनं खवखवतंय," म्हणला. धोंडावैनीनं, म्हंजी त्याच्या बायकूनं, खडीसाखर दिली, हळद दिली, नरसिंहपूरच्या देवाला साकडं घातलं... बसल्याला आवाज उठंचना! कऱ्हाटीला तालीवर ह्यो "हाऽऽव" म्हणला म्हणं, मला नुसती फुस्स ऐकू आली, आन् गाडी अशी... अशी कलली, की मी दार उघडून खाली बघतोय तर खाली आभाळच! वाचलो. पण आमचं मालक, दादासाहेब, म्हणलं, "रावजी, म्होरं दुसरा माणूस बघ. मुका माणूस ठिवून गाडी घालवतोस का माझी?" मुका? कुंडलिक मुका? माझं तर काळीजच फाटलं.

मी म्हणलं, मालक, दुसरा माणूस न्हाय, मी त्यालाच माझ्या कानात बसवतो. मिलिटरीत असतंय न्हवं, कानाला लावायचं, तोंडाशी माईक? तसलं. वायरलेसच्या परवान्याचं मालकानं बघितलं, ती रड आता नको. आन् मी गेलो पुण्याला.

दुकानदार म्हणतोय, "हे घ्या, बटण दाबायचं नि बोलायचं." आरं, त्यानं बटण दाबलं तर हात कुठला दावायचा? "मग हे बघा, आवाज आला की आपोआप सुरू." मी दुकानातच कुंडलिकागत पुटपुटून बघितलं, "हिर्र्र... हिर्र्र..." गिऱ्हाइकं माझ्याकडं बघाय लागली, पर ते यंत्र काय जागं हुईना. त्याला दमदार आवाज पायजे. दमदार आवाज असता तर मी हितं आलो असतो का? मग त्यानं आतनं एक काळा पट्टा काढला. "हा गळ्याला बांधायचा काका. कुजबुजलं तरी पुरे, गळ्यातली थरथर पकडतो." गळ्याला! आवाज गळ्यातनंच येतोय की! बांधला, कुजबुजलो, तर पलीकडच्या कानात टणाटणा. तुमाला सांगतो, डोळ्याला पाणी आलं. दुकानदार म्हणला, "टोचतंय का काका?"

कुंडलिकाला पुण्यातच दवाखान्यात ठिवल्याला. घशात गाठ हाय, काढायची, एवढंच मला ठावं. खोकं काखंत मारून तसाच गेलो. वैनी भाईर बाकड्यावर. "वैनी, बघा काय आणलंय! पुटपुटला तरी चालतंय! आता मालकाला म्हणावं, काढ कुणाला काढतोस!" पट्टा तिच्या हातात दिला. तिनं उलटा केला, सुलटा केला. म्हणली, "भावजी, ह्यो कुठं बांधायचा?" मी म्हणलं, "गळ्याला." तिनं पट्टा माझ्या हातात परत दिला. उठली आन् मला आत घिऊन गेली.

कुंडलिक उशाला टेकून बसल्याला. आन् गळ्याला, पट्टा बसतोय बरोबर त्याच जागंला... भोक. श्वास तितनं. गाठीसंगं आवाज समदाच काढल्याला. मी पट्टा पाठीमागं लपवाय गेलो, पण त्यानं बघितला. हात म्होरं केला. पट्टा घेतला, मला खाली वाकवलं आन्... माझ्या गळ्याला बांधला. मग कानाचं यंत्र आपल्या कानाला लावलं आन् दोन्ही कानांवर टिचकी मारून दावली. म्हंजी, कान हायेत की शाबूत!

जखम भरल्यावर मालक म्हणलं, चालवून दावा. दावली. आता कुंडलिक म्होरं, गळ्याला धुळीसाठी पातळ फडकं, कानाला यंत्र, हात वर. त्यो हात डावीकडं करतोय, पण माझ्या पायाला हात कळतच न्हाय हो! पाय आवाजावर वाढल्याला. मग मीच गाडीत बसून म्हणतो, "हिर्र्र," माझ्याच पायाला ऐकू जावं म्हणून. ते जातंय त्याच्या कानात. माझी हाळी चुकली की म्हाराज थांबत्यात, मान हलवत्यात, तोंड वासून दावत्यात, असं न्हाय, असं! आन् त्या तोंडातनं कायबी येत न्हाय.

परवा सांगवीला मेंढरांचा कळप आडवा आला. कुंडलिक सवयीनं त्यांच्याकडं वळला, छाती भरली, तोंड उघडलं... आन् तसाच उभा ऱ्हायला. मग माझ्याकडं बघितलं. मी काच खाली केली, सगळा जीव गोळा करून हाळी दिली. तुमाला सांगतो, एक मेंढरू हललं तर शप्पत! कुंडलिक हसाय लागला. खांदं गदागदा हलत हुतं, आवाज न्हाय. त्याचं हसणं मला ऐकू आलं न्हाय. आन् माझ्या गळ्याला पट्टा, मग काय, माझं रडणं तेवढं त्याला साफ ऐकू गेलं... न्हाय, यंत्र चांगलं हाय हो. यंत्राची काय तक्रार न्हाय.