तीन कवट्या आणि जाळलेल्या चिठ्ठ्या

चिठ्ठ्या मी जाळल्या. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बोलता बोलता मी स्वतःला भला माणूस करून टाकीन, मला ती सवय आहे.

आम्ही मूळचे जळगावकडचे. वडील नेपानगरला कागद कारखान्यात लागले, मी तिथंच वाढलो आणि पुढे बुऱ्हाणपूरला एका कॉलेजात मानवशास्त्राच्या खोलीत शिपाई म्हणून चिकटलो. काचेच्या कपाटात तीन कवट्या होत्या, प्रत्येकीला दोऱ्यानं जुनी चिठ्ठी, वर बारीक इंग्रजी अक्षर. आणि काय सांगू तुम्हाला, पोरांना दाखवताना मी म्हणायचो, बघा रे, जंगली माणसाचं टाळकं. पोरं हसायची, मीही हसायचो.

एकदा मुआयना लागला, म्हणजे वरून तपासणी. आमच्याकडे मुआयना म्हणजे पंधरा दिवस नुसती सफाई. मोठे साहेब म्हणाले, भाऊ, काही जुनाट दिसता कामा नये. मी कवट्या ॲसिडनं धुतल्या, दोन हात वार्निश मारलं, रंगानं आकडे टाकले, एक दोन तीन, आणि मळक्या चिठ्ठ्या पाचोळ्यात घालून पेटवल्या. साहेबांनी पाठ थोपटली. घरी बायकोला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

मग काही वर्षांनी उत्खननवाल्या मॅडम आल्या. नेपानगरच्या पलीकडे कोरकू आदिवासींच्या गावाजवळ, म्हाताऱ्यांनी दाखवलेल्या नाल्याकाठी त्यांनी खोदलं, तर तीन सांगाडे, बरगड्यांत गोळ्या, आणि मुंडकी नाहीत. इंग्रजांच्या काळात जंगलावरून भांडण झालं, गोऱ्या साहेबानं तीन गावच्या तीन माणसांना गोळ्या घातल्या आणि डोकी कापून नेली, कपाळ मोजून ही जातच गुन्हेगार आहे असं दाखवायला. जुन्या दप्तरात लिहिलेलं होतं, प्रत्येक डोक्याला नावगाव बांधून पाठवलं म्हणून. त्याचा माग काढत मॅडम आमच्या कपाटापाशी आल्या आणि मला विचारलं, दादा, यांना काही बांधलेलं होतं का? मी म्हणालो, नाही मॅडम, मी लागलो तेव्हापासून अशाच आहेत. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काय.

दोन वर्षं हेच सांगत राहिलो. मॅडमनी हाडाचा नमुना तपासायला पाठवला, उत्तर आलं, ॲसिडनं आत काही उरलं नाही. मानेची हाडंही जुळेनात, कापताना चुरा झालेली. आणि दर बाजाराच्या दिवशी फुलाबाई यायची, त्या तिघांतल्या एकाची पणती, सत्तरीची. कोरकू लोक मेलेल्याच्या नावानं सागवानी पाट कोरतात, वर घोडा, सूर्य, चंद्र, आणि तो रोवल्याशिवाय माणूस पूर्वजांत मिसळत नाही. तिचा पाट कोरून तयार होता. पण तिघांतली तिची कवटी कोणती तेच कळेना, आणि दुसऱ्या गावचा माणूस आपल्या नावानं कसा पुरायचा? काचेपाशी उभी राहून ती म्हणायची, मेरे मरने से पहले दे दो रे साब. मी कपाट पुसत राहायचो.

शेवटी ती काठी घेऊन यायला लागली, जिना चढताना तीनदा बसायची, तेव्हा माझ्यानं राहवेना. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला सांगून काय उपयोग, त्यांना सांगा.

परवानगी काढून तिन्ही कवट्या फुलाबाईच्या गावात नेल्या, पांढऱ्या कपड्यावर ठेवल्या. सगळं गाव बसलेलं. मी सांगितलं, चिठ्ठ्या मी जाळल्या. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. फुलाबाई सरकत जवळ आली, पाटावर हात ठेवून म्हणाली, जला दी तो जला दी, पढ़ी तो होगी ना? तू बता दे हमारा कौनसा, तू बोलेगा वही ले लेंगे.

मधली दाखवली असती तर ती सुखानं मेली असती, हो. मी बोट उचललंही होतं. पण मधल्या कवटीवर माझ्याच हातचा दोनचा आकडा होता, तो बघून बोट खाली घेतलं, हात जोडले आणि म्हणालो, माई, मी त्या वाचल्याच नाहीत. त्यावर माणसाचं नाव असेल, असं मला वाटलंच नाही. मला माफ कर.