डुमसची लाट

सुरतेला नोकरी करणारी स्वप्नाली संध्याकाळच्या गाडीने नंदुरबारला घरी निघाली होती. खिडकीशी डोळे मिटून ती पेंगत होती, तोच समोरच्या बाकावरून गावाकडची बोली कानावर आली. गावच्या बायांबरोबर डुमसचा समुद्र पाहून परतणाऱ्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बोलत होत्या.

"अनुसया, बठ्या बाया भजी खाई ऱ्हायन्त्यात आनि तू एकलीच पानीमा उभी. भ्याव नही वाटना?"

"नही वं धनू. पाय गार व्हयनात, बरं वाटनं."

"तू काहीतरी बोली ऱ्हायन्ती. मी देखं."

"आपली तापी तठेच दर्यामा जास ना?"

"हा, तठेच जास."

"मन्हा मालकस्नी राख आपन परकाशाले तापीमाच सोडेल शे."

गाडी नवापूर सोडून पुढे निघाली. बाहेर ऊन विझत आलं होतं.

"मंग काय बोलनी त्यास्ले?"

"जित्ता व्हतात तवय दरसाल सांगेत, कापूस इकाई गया का तुले दर्या दखाडसू. मी म्हन्तं, आते घोर करू नका. मन्ह्या मैतरनीस्नी माले आनं."

"काही जवाब उना?"

"एक मोठी लाट उनी, कंबरलोंग भिजाडी गई. जित्ता व्हतात तवयबी असंच. जवाब द्याना सोडीसन पानी उडाडेत."

स्वप्नालीने डोळे उघडले नाहीत.

"लुगडं आजून वलं शे तुन्हं. पिशवीमा दुसरं शे ना? बदली टाक."

"ऱ्हाऊ दे, धनू. गाव येस तवलोंग ऱ्हाऊ दे."