मिस्टर बर्केट गेले तेव्हा

हॅलो?… कोण, नेडीन? अगं बोल. आवाज बारीक येतोय तुझा… हो. हो, खरं आहे. पहाटे झोपेतच गेले मिस्टर बर्केट. त्यांच्या मुलीचा फोन आला होता, पॉलेटचा.

तिकडे केंटकीतही रेडिओवर सांगितलं? काय म्हणाले?… ‘नॅशव्हिलचे नामवंत संगीत प्रकाशक’. हं. हसले असते ऐकून. स्वतःला गाण्यांचा दलाल म्हणवून घ्यायचे.

नाही गं, सर्दी झालीय… बरं, रडतेय थोडी. हिवाळ्यात रेकॉर्ड कंपनीवाले टर्बिव्हिल गेले, मग गायकांचे दौरे ठरवणारा लायल गेला, आता हे. आम्हाला ज्यांनी उभं केलं, ती माणसंच उठून चाललीत.

काय?… नेडीन, असं बोलू नये… आठवतं ना, का नाही आठवणार? त्यांच्या ऑफिसात तू बाकावर बसली होतीस. माझं गाणं अर्ध्यात थांबवलं आणि म्हणाले, ‘व्हर्ना, गाणं म्हणणं काही तुझं काम नव्हे.’… हो, रडले मी. आणि तू त्यांच्या दाराला लाथ मारलीस… मारलीस. बूट उसवला तुझा.

अगं ऐक ना. तू त्याच दुपारच्या बसने घरी गेलीस. पुढचं तुला ठाऊकच नाही… कशी सांगणार? त्यांचं नाव काढलं की फोन आपटायचीस.

दुसऱ्या दिवशी परत बोलावलं मला. विचारलं, ‘कालचं गाणं लिहिलं कोणी?’ म्हटलं, मीच. तर खिडकीजवळची खोली दिली लिहायला… अगं, माझा नवरा रे तेव्हा सोडून गेलेला, माझी रोझॅन अंगावर पिणारी. तिला ठेवू कुठे? त्यांनी टेबलाचा मोठा खण रिकामा केला, खाली काढून ठेवला, त्यात स्वतःचा कोट अंथरला… हो, खणात. त्यातच निजायची ती. रडली की मोठमोठ्या गायकांना बाहेर ताटकळत ठेवून हा माणूस तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालायचा.

‘बाबांचा डबा’ तिथेच लिहिलं… तेच. कोळशाच्या खाणीत जाणाऱ्याच्या डब्यावरचं गाणं कोण ऐकणार, म्हणून सगळ्यांनी परत पाठवलं. ते मात्र दारोदार फिरले घेऊन. एक ओळ बदल म्हणाले नाहीत. तेव्हा लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी प्रकाशकाने आपलं नाव घुसडायची रीतच होती गं. यांनी नाही घुसडलं. माझं एकटीचं नाव आहे त्यावर.

बरं, पुढचं ऐक.

शुक्रवारी चर्चमध्ये प्रार्थना आहे. ते सांगून गेलेत, ‘बाबांचा डबा’ व्हायला हवं, आणि म्हणायचं व्हर्नानेच… मीच. मलाही हसू आलं. पॉलेटला म्हटलं, मला गाण्यावरून उठवलं ते तुझ्या वडिलांनीच ना? तर म्हणाली, ‘गळ्यासाठी नव्हे, ज्यांचा डबा होता त्यांच्या मुलीकडून ऐकायचंय म्हणाले.’

नेडीन, माझ्याने एकटीने व्हायचं नाही. तू ये. लहानपणी चर्चमध्ये गायचो तशी शेजारी उभी राहा, खालचा सूर धर…

कोंबड्यांना शेजारीण दाणे घालेल… गुडघे माझेही दुखतात. रोझॅन गाडी घेऊन येईल तुला न्यायला… त्यांच्यासाठी नको येऊस. आपल्या बाबांसाठी ये.

…हं.

…येशील? खरंच?… काळाच हवा असं नाही. तो निळा झगा चालेल.

पट्टी? तुला झेपेल ती. मी घेईन जुळवून… आत्ता? फोनवर? बरं, म्हण.

…

…हं.

…

अगं, शेवटचं कडवंसुद्धा… सगळं पाठ आहे की तुला. कधीपासून?… बरं, बरं. नाही विचारत.

ये तू. ठेवते.