वेलानं विचारलंय

रुसेला : पपा, तो ब्रश आधी खाली ठेवा.

निकासियो : निम्मं नाव लिहून झालंय. निम्म्यावर टाकून उठू होय?

रुसेला : भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसलाय तुम्ही. गाड्या जातायत. त्यात तुमचा तो पाय.

निकासियो : गाड्या थांबाव्यात म्हणून तर रंगवतोय. पिवळा दगड दिसला की पाहुण्याला कळतं, इथून पाण्यात उतरायचं. पिवळा उडाला की हा दगड आणि त्या शेळीजवळचा दगड सारखाच. तुझ्या आईनं कधी मला अडवलं नाही हो. उलट डबा धरून उभी राहायची.

रुसेला : मी कालच म्हटलं होतं, या वर्षी राहू द्या.

निकासियो : म्हटलं होतंस. का ते नाही सांगितलंस. आणि हातात काय आहे ते? पाठीमागे काय लपवतेस, लहान आहेस का?

रुसेला : तिकिटं आहेत. हॉलंडची.

निकासियो : तिकिटं? एकच लागतं तुला.

रुसेला : दोन काढलीत.

निकासियो : मग एक परत कर. पाहुण्यांना समुद्रात बुड्या मारायला न्यायचं आपलं दुकान विकलंस, मी काही बोललो नाही. हवेच्या टाक्या, बोट, सगळं त्या दाढीवाल्याच्या घशात घातलंस, तेव्हाही गप्प बसलो. तिथं म्हातारी माणसं सांभाळायची नोकरी धरलीस, बरं केलंस. पण इथला म्हातारा उचलून तिथल्या म्हाताऱ्यांत नेऊन बसवायचा, हे माझ्याच्यानं होणार नाही.

रुसेला : तिथं तुमच्या मुलाकडेच खोली आहे. स्वतंत्र. खिडकी पण आहे.

निकासियो : खिडकीतून काय दिसतं?

रुसेला : समोरच्या घराची खिडकी.

निकासियो : झालं तर मग.

रुसेला : इथं तुम्हाला कोण आहे, पपा? आई गेली. मी चालले. शेळ्या तेवढ्या उरल्या.

निकासियो : वेला आहे.

रुसेला : पपा…

निकासियो : पपा काय पपा? तुला काय वाटतं, मी कशावर जगतो? तुझ्या त्या गोळ्यांवर? ती बाई पाण्यात घाबरली, तिला धरून मी घाईनं वर आलो, आणि रक्तात झालेले हवेचे बुडबुडे जिरवायला मला त्या लोखंडी नळकांड्यात कोंडलं, आठवतं ना? बाहेर आलो तर एक कान गेलेला, एक पाय गेलेला. डॉक्टर म्हणाला, यापुढे आंघोळीच्या बादलीपेक्षा मोठं पाणी नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. जेवण नको, माणूस नको. मग एक दिवस माझ्याबरोबर बुड्या मारणारा बोई आला. ओले केस, अंगाला मीठ. दारातूनच ओरडला, "निकासियो, वेलानं विचारलंय!" त्या दिवशी मी उठून शेळीचा रस्सा खाल्ला. तूच वाढला होतास.

रुसेला : आठवतंय.

निकासियो : तेव्हापासून तू विचारणं आणतेस, बोई आणतो. त्या एका वाक्यावर मी जेवतो, पोरी. आणि ही रीत आपल्याकडची काही आजची नाही. तू पोटात होतीस, आईला पाण्यात उतरता येत नव्हतं, तेव्हा मी रोज वर येऊन तिला हेच सांगायचो. जो वर राहिला, त्याला वेलाचं विचारणं पोचवायचं. पाहुण्यांना सुद्धा मी शिकवलं. हात लावायचा नाही, हात छातीवर ठेवून मान झुकवायची. ते विचारायचे, वेला म्हणजे काय? मी म्हणायचो, आजी. हसायचे. मग खाली जाऊन बघायचे आणि हसणं बंद.

रुसेला : मला माहीत आहे हे सगळं.

निकासियो : मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, हा प्रवाळाचा खांब नव्हेच, डोक्याला फडकं बांधून खरंच कुणी म्हातारी उभी आहे. पाण्यात ओरडता येत नाही म्हणून, नाहीतर बोंबच मारली असती. माझ्या आज्याच्या आज्याच्याही आधीपासून उभी आहे ती तिथं. मी तिला सोडून समोरच्या घराची खिडकी बघायला जाऊ? सरक, सावली पडतेय दगडावर.

रुसेला : उद्या हा दगड काढून नेणार आहेत.

निकासियो : कोण?

रुसेला : किनाऱ्यावरचे देखरेखवाले. ट्रक घेऊन येणार आहेत.

निकासियो : दगड मी आणून ठेवलाय. नाव मी दिलंय. ते कोण नेणारे? काय कारण?

रुसेला : इथं उतरण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून.

निकासियो : वाट खचलीय तेवढी. तूच म्हणालीस. दोन माणसं लावली की होईल नीट.

रुसेला : वाट नाही खचली, पपा. वेला मेलीय.

निकासियो : (ब्रश पुन्हा डब्यात बुडवतो.)

रुसेला : ऐकलंत का? या कानानं ऐकू आलं का?

निकासियो : आलं. दोन्ही कानांनी आलं. तू चिडलीस म्हणून बोलतेस.

रुसेला : नाही. आधी पायाशी एक पांढरा डाग होता, बोटाएवढा. मला वाटलं एखाद्या माशानं कुरतडलं असेल. पुढच्या खेपेला तो गुडघ्याएवढा वर आला होता. कातडी सोलून निघावी तशी ती सोलत गेली. आत नुसती पांढरी हाडं. आता त्यावर शेवाळ आहे. मासे पण थांबत नाहीत.

निकासियो : वादळं झाली, तेव्हा काही झालं नाही तिला.

रुसेला : हे वादळ नाही, रोग आहे. सगळ्या बेटांवर फिरतोय. पाण्यातून आला, बोटींच्या बुडाला लागून आला, का आमच्याच बुडीच्या कपड्यांतून आला, कुणाला ठाऊक नाही.

निकासियो : म्हणून तो दुकानाच्या दारातला टब. औषधाचा.

रुसेला : हो.

निकासियो : मला म्हणालीस, कपड्यांना वास मारतो म्हणून.

रुसेला : हो.

निकासियो : आणि पाण्यावरचा, बोटी बांधायचा बोया? लाटेनं तुटला म्हणालीस.

रुसेला : आम्हीच काढला. इथं बंदी घातली, तेव्हा.

निकासियो : वाट लाटेनं खचली, बोया लाटेनं तुटला. केवढी कामं लावलीस त्या बिचाऱ्या लाटेला!

रुसेला : पपा, मी खूप केलं हो. मलम भरला तिच्या जखमांत. या हातांनी. खाली जाऊन, टाकीतली हवा संपेपर्यंत. एका बाजूनं भरायची, तोवर दुसऱ्या बाजूनं सोलायची. रडले मी तिथं. डोळ्यांवरच्या काचेत पाणी साचलं.

निकासियो : मला का नाही सांगितलंस?

रुसेला : तुम्ही उतरला असतात.

निकासियो : उतरलोच असतो.

रुसेला : आणि परत वर आला नसतात.

निकासियो : ते माझं मी बघितलं असतं.

रुसेला : तेच मला बघायचं नव्हतं!

निकासियो : थांब. थांब जरा. तू खोटं बोललीस, ते समजू शकतो, तू मुलगी आहेस. पण बोई? बोई परवा आला होता. केसांतून पाणी गळत होतं त्याच्या. इथून उतरायला बंदी आहे, तर तो भिजला कुठं?

रुसेला : त्या वळणावर, कुंपणाच्या निवडुंगामागे नळ आहे ना शेळ्यांचा…

निकासियो : नाही.

रुसेला : तिथं डोकं भिजवतो आणि मग तुमच्याकडे येतो. सुरुवात त्यानं केली तेव्हा ते खरं होतं, पपा. मग ती गेली, आणि कुणाला थांबताच येईना. दर रविवारी वाटायचं, आज सांगू. तुम्ही ताट पुढं ओढून बसलेले असायचात.

निकासियो : शेळ्यांच्या नळाखाली! एवढा मोठा माणूस. आणि मी? आयुष्य पाण्यात घालवलं आणि मला खाऱ्या-गोड्यातला फरक कळला नाही. बावळट आहे मी. रोज विचारायचो, काय म्हणाली, काय म्हणाली. मेलेलीच्या गोष्टी ऐकून भात खात होतो.

रुसेला : एक तुकडा आहे तिचा.

निकासियो : कसला तुकडा?

रुसेला : डाग दिसला, त्याच आठवड्यात तोडून पाठवला होता. हॉलंडला, काचेच्या हौदात ठेवलाय. करंगळीएवढा. वर दिवा लावतात, पाणी ऊन ठेवतात. तिथं गेलो की बघता येईल तुम्हाला. जिवंत आहे म्हणतात.

निकासियो : तूही म्हणत होतीस.

रुसेला : (तिकिटं खिशात ठेवते.)

निकासियो : रागावून नाही बोललो. पण आता "जिवंत आहे" हे शब्द माझ्या कानात शिरत नाहीत. काय करायचं त्या तुकड्याचं? परत आणून लावणार?

रुसेला : समुद्र बरा झाला की.

निकासियो : कधी होणार?

रुसेला : कुणीच सांगत नाही.

निकासियो : तू सांग. तुझ्या मनात काय आहे?

रुसेला : माझ्या मनात दुकान विकायचं होतं. विकलं.

निकासियो : हं. आणि आज हे सांगितलंस, ते मी यावं म्हणून.

रुसेला : हो. दुसरं काहीच तुम्हाला इथून हलवणार नव्हतं. माझ्यावर चिडा हवं तर. पण मी तुम्हाला या दगडाशेजारी एकटं ठेवून विमानात बसणार नाही.

निकासियो : तिथं समुद्र आहे का जवळ?

रुसेला : आहे. राखाडी आणि थंड. आत काही दिसत नाही.

निकासियो : बरं. मला ओळखीचा नकोच आता. शेळ्या तुझ्या मामाला देऊ. करड्या कानाची मात्र बोईला. तिचं त्याचं जमतं, एका नळावरची दोस्ती.

रुसेला : म्हणजे येताय?

निकासियो : नाहीतर काय करू? कुणासाठी थांबू? तो काळा डबा दे इकडे.

रुसेला : पपा, उद्या काढून नेणार आहेत तो.

निकासियो : नेऊ देत. नाव पुरं झालेला नेऊ देत.

(वळणावरून टाक्यांची गाडी हॉर्न देत येते आणि थांबते. बोई उतरतो. त्याच्या केसांतून पाणी ठिबकतंय.)

बोई : अरे निकासियो! कानाला पिवळा रंग, नाकाला काळा! तू दगड रंगवतोयस का दगड तुला?

रुसेला : बोईकाका, आज राहू दे. आज नको…

निकासियो : तू गप गं. बोलू दे त्याला. ये बोई. कुठून आलास?

बोई : कुठून म्हणजे? खालून! हे बघ, अजून गळतोय. वेलानं विचारलंय.

निकासियो : विचारलं? काय म्हणाली?

बोई : म्हणाली, तो लंगडा कुठं मेलाय? आज काय बघितलं सांगू? पायाशी कासव झोपलं होतं. हे एवढं. आणि फडक्याभोवती ते निळे मासे, पोरं कशी फेर धरून नाचतात जत्रेत, तसे. मी हात छातीवर ठेवला, तर कासवानं एक डोळा उघडला आणि मिटला.

निकासियो : रंग कसा होता तिचा?

बोई : रंग? रंग… नेहमीचाच की. मधासारखा. तुला काय नवीन सांगायचं?

निकासियो : नाही, माहीत आहे मला. रुसेला, त्याला टॉवेल आण गाडीतून. ओल्या डोक्यानं वाऱ्यात उभा आहे, पडसं होईल.

बोई : हात्! समुद्राच्या पाण्यानं कधी पडसं होतं काय?

निकासियो : नाही होत. तरी पूस. बोई, मी पोरीबरोबर हॉलंडला चाललोय.

बोई : तू? कायमचा?

निकासियो : कायमचा.

बोई : आणि… आणि वेला? तिला काय सांगू मी?

निकासियो : उद्या उतरशील ना?

बोई : उतरतो की. रोजच उतरतो.

निकासियो : मग तिला सांग, निकासियो गावाला गेला. वाट बघू नकोस म्हणावं.