एका शर्टापुरतं

—हळू बोला हो, हळू! बायको शेजारच्या घरात गेलीय, भिंतीपलीकडे. मी उभा दिसलो तर ही इस्त्री भंगारात घालीन म्हणालीय, आणि ती घालेलसुद्धा! पण तुमची मुलाखत, आणि शर्टाचा हा असा बोळा— द्या इकडे. एका शर्टापुरता उभा राहतो. बसून दाब येत नाही.

बूट बघताय? आत जखम आहे, डाव्या तळव्याला. साखर आहे ना मला— चपलेतून खिळा घुसला आणि मी दिवसभर तसाच उभा! कळलंच नाही. संध्याकाळी बायको म्हणाली, फरशीवर हे लाल कसलं? हसा, हसा, मीही हसलो होतो. मग हळद झाली, मध झाला, कुणी सांगितलेली पावडर झाली— जखम आपली ढिम्म. शेवटी डॉक्टरीणबाई भेटल्या. मेलेली कातडी खरवडून काढतात, पट्टी बदलतात, साखरेवरून झापतात. म्हणतात, काका, वरून काय लावायचं ते नंतर, आधी जखमेवरचा भार काढा. म्हणून हा बूट. नाण्याएवढी होती, आता वाटाण्याएवढी झालीय! उद्या दाखवायचीय. भरत आली असेल तर पाय वाचला. नाहीतर— जाऊ द्या. भीती वाटते हो. झोप लागत नाही. बायकोला हे बोललो नाहीये, तुम्हीही बोलू नका.

पण मी काही अगदीच हा नाही. सगळा भार उजव्यावर टाकलाय, बघा. उजव्या पायातली चप्पल? काढली, बुटासोबत चालताना अडखळायला होतं. आणि त्या पायाला काय धाड भरलीय! बाई म्हणतात, दोन्ही पाय रोज बघत जा. म्हटलं, आजाऱ्याचं करता करता नाकी नऊ आलेत, चांगल्याचे कसले लाड?— सरा जरा मागे, कोळसे फुलवतो. या इस्त्रीची कडी ढिली झालीय, एखादा निखारा निसटतो कधीकधी. हं. आता कॉलर तेवढी राहिली.

जळका वास? कसला वास? ...हो की. शर्ट नाही, हा बघा, पांढरा शुभ्र. खालची घोंगडी? तीही नाही. मग कुठून येतोय मेला— तुम्ही टेबलाखाली काय बघताय? बोला ना! अहो, तो नव्हे, जखमेचा पाय हा, बुटातला. तो तर चांगला—

हाक मारा. बायकोला हाक मारा माझ्या. मोठ्यानं.