डाव्या हाताची शर्यत

हॅलो?… हां लुंबिनी, बोल. मी वहिनी बोलायले… हाव, फोन तुझ्या दादाचाच हाय, माझ्याकडं देऊन ठेवलाय… न्हाई न्हाई, रुसला न्हाई तुझ्यावर. आतल्या खोलीत बसलाय. काम करायलाय… अगं खरंच. काम.

रडू नको ना… आधी ऐक. सगळं सांगते.

गाडीवरून पडल्यापासून तू इतके फोन केलेस, त्यानं एक तरी उचलला का?… माझ्याशी तरी कुठं बोलत होता. उजवा हात नुसता लोंबतोय, बोटांत जीव न्हाई, अन् हा माणूस कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा. लॅपटॉप उघडायचा, डाव्या हाताच्या एका बोटानं टकटक करायचा, अन् झाकून ठेवायचा. एक दिवस म्हणला, विशाखा, हे इकून टाक… हाव, असंच म्हणला. मी इकला न्हाई, कपाटावर ठेवून दिला.

…बोलून लिहायचं? केलं की तेबी. माईक लावला. साधा मजकूर लिहायला बरं हाय ते. पण प्रोग्रॅममधे सारखे कंस, सारखे अर्धविराम… एका ओळीसाठी धा वेळा 'कंस उघड, कंस बंद' म्हणायचं. त्यात शेजारच्या केवळाबाईची गिरणी सुरू झाली की माईकला भलतंच ऐकू यायचं. नाद सोडला त्यानं.

मग मीच नेटवर बघून एक माऊस मागवला. त्याच्यावर गोळा असतोय, मोठ्या गोटीसारखा… हाव, माऊस जागचा हलवायचा न्हाई, अंगठ्यानं नुसता गोळा फिरवायचा. मी लई खुशीत. खोक्यातून काढला तर तो उजव्या हाताचा… हसू नको. आता मलाबी हसू येतंय, पण तवा न्हाणीत जाऊन रडले मी… केला की वापस.

पुढं दयानंद भेटला म्हणून बरं… अगं दयानंद, दादाच्या कॉलेजातला, लातूरला घरांचे नकाशे काढतोय बघ… हाव, तोच, चष्मेवाला. हाताच्या व्यायामाला आम्ही लातूरला जातोच, तर दवाखान्यातून सरळ आपल्या ऑफिसात घेऊन गेला. त्याचं स्वतःचं मनगट दुखायचं, म्हणून असलं काय काय घेऊन ठेवलंय त्यानं. म्हणला, सुगत, वाचून कळत न्हाई, हात लावून बघ. त्यातल्या एका माऊसला गोळा मधोमध. कोणत्याबी हातानं चालतोय. दादानं डावा हात ठेवला… अन् ऐक ना, उठंचना. चहा गार झाला पुढ्यात.

…कीबोर्ड ना? सांगते. अर्धाच हाय. ताटलीएवढा. स्पेसचं बटन दाबून धरलं की उजवीकडची अक्षरं डाव्या बोटांखाली येतात, आरशात बघितल्यासारखी… मला तरी कुठं कळतंय. त्याला कळालं. दयानंदनं दुसरा दाखवला होता, चांगला ऐसपैस, त्याला तो सोयीचाबी वाटला. पण म्हणला, नको, मला बसमधे मांडीवर ठेवता येईल असाच पाहिजे. सारखं लातूरला यायचंय, तेवढा वेळ काय नुसता खिडकीतून बघत बसू?… लुंबिनी, लई दिवसांनी तो पुढचं काहीतरी बोलला. मी दुसरीकडं तोंड फिरवलं. दिसू द्यायचं नव्हतं त्याला.

…हो, हो… शिकायला लई त्रास झाला. चिडायचा. जेवताना बोटं ताटाच्या काठावर चालायची. झोपेतबी हलायची गं.

…कंपनीचं? तेच तर सांगायलेय. पुण्याच्या साहेबांनी काल व्हिडिओवर बसवलं, अन् समोर प्रोग्रॅम लिहायला लावला. पहिल्यापेक्षा सावकाश लिहिला त्यानं. पण चालला. पहिल्याच झटक्याला चालला. साहेब म्हणले, सोमवारपासून अर्धा दिवस कर, मग बघू… हाव, अर्धाच. पूर्ण न्हाई. पण काल घरात शिरा झाला.

हॅलो?… येतोय का आवाज?… हां. हाताचं डॉक्टर काही सांगत न्हाईत. आम्हीबी सारखं विचारायचं सोडलंय. व्यायाम चालू हाय.

…तू काय मागवायलीस? गेमचा रिमोट? एका हाताचा?… नको… अगं ऐक ना, नको मागवू. तो हात लावून बघितल्याशिवाय काही घेणार न्हाई आता. अन् त्यानं जमवलंय. पायाखाली दोन पेडल बसवलेत. एक रेसचं, एक ब्रेकचं. वळायला डावा हात… हाव, तीच गाड्यांची शर्यत, तू अन् तो खेळायचात ती. गुपचूप सराव करायलाय. सारखी कठड्याला धडकते गाडी.

थांब, आतून काहीतरी म्हणायलाय… काय म्हणलास?… लुंबिनीच हाय… हां, सांगते.

ऐक. दादा विचारायलाय, आज जेवण झाल्यावर खेळशील का… 'हो' सांगू?… बरं.

अन् अजून एक म्हणायलाय. दवाखान्यातून आल्यावर तू बघायला आलतीस अन् तुम्ही एकदा खेळला होतात, तवा तू मुद्दाम गाडी हळू केलतीस म्हणं. त्याला तवाच कळालं होतं… अगं, मला म्हाईत हाय, मायेनं केलंस. त्यालाबी म्हाईत हाय. पण आज तसं करू नको. जोरात पळव. हरला तर हरू दे.

…हाव. चल, ठेवते. त्याला वाढायचंय.