नातेवाइकाला काय आणायला सांगायचं

—नाय गो, ती पेटी राहू दे तशीच, हातमोजे कुठं, सुया कुठं, ते दोन दिवसांत आपोआप कळेल. टोपी नीट पिन कर आधी. हां. बीपी, सलाईन, ट्रे लावणं, ते तुमच्या कोर्सात झालंच असणार, मी काय वेगळं शिकवू? रेश्मा ना तू? मी वत्सला — सिस्टर म्हण, मॅडम नको. तुला शिकवायचंय ते पुस्तकात नाय. पेशंट सांभाळणं सोपं, तो बिचारा पडून असतो — नातेवाईक सांभाळायचा म्हणजे खरी नोकरी. धसईहून एक बाई बाळंतपणाला आली की जीप भरून माणसं येतात. सासू दारात, मावशी खिडकीत, आणि नवरा — तो दर पाच मिनिटांनी आत डोकं घालणार, सिस्टर, झालं का? सिस्टर, झालं का? मग डॉक्टरांचा पारा चढतो, तो कुणावर? आपल्यावर. मग करायचं काय? त्याला कामाला लावायचं. चिठ्ठी द्यायची हातात — कापूस आण, शहाळं आण, लागो नायतर न लागो. तेवढा वेळ दार मोकळं, आणि त्यालाही बरं वाटतं, आपण कायतरी केलं म्हणून. मला माझ्या सिस्टरनी शिकवलं, मी तुला शिकवते. वही कशाला काढतेस? हे लिहून ठेवायचं नसतं.

फक्त मुरबाडातल्या मुरबाडात पाठवायचं. लांब नाय.

का म्हणजे? असंच — चौऱ्याण्णव साली एक होता, जैतू. टोकावड्याच्या पुढचा. बायको मैना, पहिलटकरीण, सिझर ठरलेलं. वाईट नव्हता गो तो, उलट लई जीव बायकोवर, पण तीनदा पाठवला, तीनदा पळत परत. कापूस आणला, शहाळं आणलं, घाम पुसत पुन्हा दारात उभा. इकडं ऑपरेशनची घाई, डॉक्टर माझ्यावर खेकसले. मग मी लिहिलं — रक्त थांबवायचं इंजेक्शन. म्हटलं, मुरबाडात मिळत नाय, कल्याणला जावं लागेल. कुणाची तरी मोटारसायकल मागून गेला. लवकर या म्हटलं — तेही वर म्हटलं मी.

कपाटात? होतं ना. अख्खा डबा होता.

बोलून गेले बघ. आता ऐकच. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप, काय म्हणजे काय लागलं नाय. आणि हा येताना रायत्याच्या पुलाजवळ ट्रकखाली. येताना, म्हणजे घेऊन निघाला होता. दुपारी त्याचा भाऊ आला, देवराम. कागदात गुंडाळलेली ती इंजेक्शनची बाटली माझ्या हातात दिली — फुटलीसुद्धा नव्हती — आणि म्हणाला, सिस्टर, उशीर तर नाय ना झाला? तू काय सांगितलं असतंस? मी म्हटलं, नाय, वेळेवर आलं, हेच पाहिजे होतं. आत गेले आणि ठेवली डब्यात, बाकीच्यांत. पुढं कुणाला तरी दिली असेल, ओळखू येते थोडीच.

मैनेला सांगायचं नाय, टाके ओले हायत, असं घरच्यांनीच ठरवलं. पाच दिवस. ती विचारायची, हे आले का? मी सांगायची, येतील, भात कापणी चाललीय ना. सकाळी तिची वेणी मी घालायची, कपाळाला कुंकू मीच लावायची.

रडले का? नाय. आधी वाटायचं, आज नाय आलं तर उद्या येईल रडू. नऊ वर्षं झाली. कायच होत नाय.

सांगायला निघाले होते एकदा, नाय असं नाय. एसटीनं टोकावड्याला उतरले, चालत घरापर्यंत गेले. तर अंगणात देवराम चार माणसांना सांगतोय — भाऊ गेला, पण जाता जाता बायकोचा जीव वाचवून गेला, ही बघा ती सिस्टर. पाया पडला माझ्या. जैतूच्या म्हाताऱ्या आईनं ती तान्ही पोर माझ्या मांडीवर ठेवली. त्या घराला धरायला तेवढंच उरलं होतं, ते कसं काढून घ्यायचं? की मला माझी कातडी वाचवायची होती? दोन्ही होतं. कातडी जास्त. चहा प्यायले आणि परत आले. तेव्हापासून दरवर्षी नव्या भाताचे तांदूळ येतात मला. शिजवते, खाते. नवे तांदूळ गोडच लागतात गो.

काय बघतेस खिडकीतून? कोण — बाकावर? मांडीवर पिशवी? शेजारी पोरगी हाय, दोन वेण्यांची?

मैना हाय ती.

जा तू. पिशवी घे तिच्याकडून आणि सांग, सिस्टर ऑपरेशनला आत हायत. आज ऑपरेशन नाय, ते तिला काय ठाऊक. पाणी विचार दोघींना. आणि ती पोरगी विचारील तुला — दरवर्षी विचारते ती, माझ्या बाबांनी आणलेलं इंजेक्शन कसं होतं म्हणून. तू आजच लागलीस कामाला. तुला काय ठाऊक नाय. जा — अशी उभी राहू नको. जा म्हटलं ना.